गुप्त सोयरिकीचं जाहीर प्रगटन

सुंदरराव मस्के यांनी उभ्या आयुष्यात न वाचता एकाही कागदावर सही केली नव्हती. जिल्हा परिषदेच्या नोकरीत चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी आवक-जावक टेबलावर. तिथं आलेला प्रत्येक कागद, मग तो हातपंपाच्या दुरुस्तीचा असो की कुणाच्या निनावी तक्रारीचा, त्यांनी अगदी खालच्या ‘प्रत माहितीस्तव’पर्यंत वाचला. निवृत्त झाले, पण ही सवय काही सुटली नाही. मिठाच्या पुडीवरचा मजकूरसुद्धा ते संपवूनच पुडी खाली ठेवतात. त्यामुळे ज्या ‘सांगावा’ नावाच्या ॲपवर सगळी वडवणी दिवसभर एकमेकांना फुलं आणि सुविचार पाठवते, त्या ॲपनं एका मंगळवारी सकाळी पडद्यावर हातभर लांबीची सूचना टाकली, तेव्हा गावातल्या झाडून सगळ्यांनी खालचं हिरवं ‘मान्य’ दाबलं आणि चहा घेतला. एकट्या सुंदररावांनी चष्मा पुसला.

सूचना मराठीत होती, म्हणजे निदान अक्षरं तरी मराठी होती. ‘तुमचा अनुभव समृद्ध करण्यासाठी आम्ही व आमचे विश्वासू भागीदार तुमच्या वापराचे विश्लेषण करतो. सदर माहिती तृतीय पक्षास दिली जाऊ शकते.’

सुंदररावांनी ते तीनदा वाचलं. आपला अनुभव कुणी आणि कशासाठी समृद्ध करावा, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. पण हा तृतीय पक्ष कोण? बोलणारा एक, ऐकणारा एक. मग मधी पाट मांडून बसलेला हा तिसरा कुणाचा पाहुणा?

एरवी त्यांनी हे एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण त्या दिवसांत घरात एक नाजूक प्रकरण चालू होतं. मुलगी प्रियदर्शनी एम. एस्सी. झालेली, बीडला माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरीला, रोज एसटीनं जाऊन येऊन. तिच्यासाठी माजलगावचं स्थळ आलं होतं. मुलगा रविराज साखर कारखान्यात केमिस्ट, वडील बंकटराव नाईकनवरे मोंढ्यात आडतदार. स्थळ असं की नाव ठेवायला जागा नाही. फक्त बंकटरावांची एक अट होती. कुंकू लागून पक्कं होईपर्यंत सोयरिकीचा शब्द बाहेर जाता कामा नये, कारण शब्द बाहेर गेला की मोडता घालणारे उठतात. अट वाजवीच होती. मागच्या उन्हाळ्यात केजचं स्थळ असंच हातचं गेलं. पाहुणे बघून जाऊन आठ दिवस झाले नाहीत, तर त्यांना कुणीतरी कळवलं की पोरगी तापट आहे. तापट आहे हे खरं, पण ती लग्नानंतर कळायची गोष्ट होती.

म्हणून या खेपेला सुंदररावांनी कडेकोट बंदोबस्त केला होता. सगळी बोलणी सांगावावरच्या एका वेगळ्या गटात. गटाचं नाव ‘प्रियू सोयरीक (गुप्त)’. सभासद फक्त अगदी जवळचे, म्हणजे त्रेचाळीस.

“अगं, आपल्या गटात चव्वेचाळिसावा माणूस बसलाय,” त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं.

वनमालाबाई भाकरी थापत होत्या. “मग त्याला बी जेवायला बोलवा,” त्या म्हणाल्या. नवऱ्याच्या गंभीर चेहऱ्याकडं तीस वर्षं बघून त्यांना त्याची सवय झाली होती.

सुंदरराव तडक निघाले ते स्टँडजवळच्या ई-सेवा केंद्रात. केंद्र चालवणारा आदिनाथ त्यांचा चुलतपुतण्या. दोन लेकरांचा बाप, पण काकासमोर अजून खुर्चीवरून उठून उभा राहणारा. त्यानं फोन हातात घेतला, सेटिंगमध्ये गेला, प्रायव्हसीत शिरला आणि एक हिरवं बटण डावीकडं सरकवलं. बटण करडं झालं.

“झालं काका. आता तिसऱ्या कंपनीला काय जात न्हाई.”

“झालं?”

“झालं की.”

सुंदररावांना एवढ्यावर झालं असं वाटेना. आयुष्यात त्यांचं कुठलंही काम अर्ध्या मिनिटात झालं नव्हतं, आणि झालं असतं तर त्यांनी ते पुन्हा तपासलं असतं. “अन् आतापर्यंत काय काय गेलं असंल?”

“बोलणं कुणी वाचत न्हाई, काका. तुमी ॲप किती वाजता उघडलं, किती येळ थांबलात, कोणत्या मोबाईलवरनं, एवढंच जातंय. त्याच्यावरनं ते लोक अंदाज बांधतात. भेयाचं काय काम न्हाई.”

हे ऐकून तर सुंदरराव खुर्चीत मागंच रेलले. “किती वाजता अन् किती येळ,” ते हळूच म्हणाले. “बे आदिनाथ, केजचं स्थळ कशानं मोडलं? शेजारच्या कौशल्याबाईनं पाव्हण्यांची गाडी किती वाजता आली अन् किती येळ थांबली, एवढंच सांगितलं व्हतं. बाकीचं गावानं जुळवलं.”

आदिनाथनं झेरॉक्स मशीन चालू केलं. खरं सांगायचं तर मोठमोठ्या शहरांत या विषयावर जी भाषणं होतात, त्यांतही याच्यापुढचं काही सांगत नसावेत. पण वडवणीत भाषणं होत नाहीत, त्यामुळे सुंदररावांचं म्हणणं तिथंच झेरॉक्स मशीनच्या आवाजात विरलं.

त्यांना खरी टोचणी वेगळीच होती. बटण बंद झालं, पण त्याची पोच कुठं? जावक क्रमांक नाही, शिक्का नाही, तारीख नाही. उद्या कंपनी म्हणाली की तुम्ही असं काही कळवलंच नाही, तर दाखवायला हातात काय? त्यांनी घरी येऊन कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ घालून रीतसर अर्ज लिहिला, आणि आदिनाथकडून ईमेलनं पाठवून घेतला. अर्ज दोन पानी होता. शेवटी ‘माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव सविनय सादर’ असं होतं.

उत्तर चार मिनिटांत आलं. एवढ्या लवकर आलेलं उत्तर पाहून सुंदररावांचा कंपनीवरचा उरलासुरला विश्वासही उडाला. उत्तरात लिहिलं होतं की, तुमची माहिती कुणालाही देऊ नये या तुमच्या विनंतीवर विचार करण्यासाठी कृपया पुढील माहिती द्या: पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, ओळखपत्राची प्रत आणि समोरून काढलेला फोटो. त्याखाली, आमची सेवा कशी वाटली, पाचपैकी किती तारे द्याल, असंही विचारलं होतं.

“ह्ये बघ,” सुंदरराव वनमालाबाईंना म्हणाले. “घराची कडी लावून द्या म्हणलं, तर आधी घरात काय काय हाय ते दाखवा म्हणतेत.”

“कितक्या चांदण्या दिल्या मग?” वनमालाबाईंनी विचारलं.

सुंदररावांनी एकही दिली नव्हती. पण तेवढ्यावर गप्प बसणारा माणूस जिल्हा परिषदेत चौतीस वर्षं टिकत नाही. आदिनाथच्या तोंडून सहज निघून गेलं होतं की काका, तुमचं बंद झालं पण बाकीच्या बेचाळीस जणांचं चालूच असणार. झालं. सुंदररावांनी त्याच दुपारी गटावर परिपत्रक क्रमांक एक काढलं. ‘सर्व सभासदांनी सेटिंगमधील सदर बटण तात्काळ बंद करून तसा अहवाल सायंकाळपर्यंत सादर करावा.’

अहवाल आले. धारूरच्या मेहुण्यांनी भलतंच बटण बंद केलं आणि त्यांचा फोन वाजायचाच थांबला. तीन दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात आलं, तेव्हा ते म्हणाले की एवढे सुखाचे दिवस लग्नापासून गेले नव्हते. एका भाच्यानं बटणासकट ॲपच काढून टाकलं. आणि सुंदररावांची थोरली बहीण साखराबाई, जिच्या लेकाचा मांजरसुंब्याला हायवेवर ढाबा आहे, तिनं तर कमाल केली. तिला बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून तिनं फोन ढाब्यावर जेवायला थांबलेल्या एका ट्रक ड्रायव्हरच्या हातात दिला आणि म्हणाली, “लेकरा, ह्यातलं तिसऱ्या माणसाचं बटन बंद कर.” ड्रायव्हर नांदेडचा. भला माणूस. त्यानं बाजेवर मांडी घालून आधी सगळा गट वाचून काढला, दोन्ही बायोडाटे पाहिले, फोटो मोठे करून पाहिले, मग बटण बंद केलं आणि जाता जाता गटावर आवाजी निरोप ठेवला: “पोरगं चांगलं हाय, हयगय करू नका.”

सुंदररावांनी तो निरोप ऐकला आणि फोन पालथा ठेवला.

त्यातून कौशल्याबाई. मधल्या भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, “भाऊ, फोनला काय तरी झालंय म्हणं तुमच्या. काळा दोरा बांधा. आमच्या नातवानं बांधलाय. तवापासून त्याचा फोन एकदा बी पडला न्हाई.”

“तुमाला कुणी सांगितलं फोनचं?”

“सांगायला कशाला पायजे? तुमी ओसरीत बसून त्याला वरडून सांगता की. आमच्या घरात टीव्ही बंद करून आमी ऐकतोत.”

सुंदररावांना हे बोलणं लागलं. आपण मोठ्यानं बोलत नाही, स्पष्ट बोलतो, अशी त्यांची समजूत होती.

याच सुमारास ॲपची नवी आवृत्ती आली आणि सगळ्यांची करडी बटणं आपोआप परत हिरवी झाली. सुंदररावांचं तर झालंच, शिवाय चाळीस जणांनी एकाच दिवशी फोन करून विचारलं की आता पुन्हा करायचं का. तेव्हा त्यांनी ठरवलं की हे असं पोरकट बटणांवर भागायचं नाही. कायदेशीर मार्ग धरला पाहिजे.

वडवणीच्या कोर्टात सत्यम वकील प्रसिद्ध आहेत ते जमिनीच्या कामांसाठी. तुकडा असो, बांध असो, पाणंद असो, त्यांच्याकडं तयार नमुना असतो. सुंदररावांनी सगळी हकिकत सांगितली. वकिलांनी ती डोळे मिटून ऐकली.

“कंपनीला लेखी कळवलं व्हतं?”

“दोन पानी.”

“दाद दिली न्हाई?”

“चांदण्या मागितल्या.”

“मग जाहीर प्रगटन द्या,” वकील म्हणाले. “एकदा पेपरात छापून आलं की तमाम जगाला नोटीस लागली असं धरतेत. मग कोणतीच कंपनी आमाला म्हाईत नव्हतं म्हणू शकत न्हाई.”

सुंदररावांना एकदम हलकं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या भाषेत बोलत होतं. जाहीर प्रगटन. आपल्याकडं जमिनीचा व्यवहार असो, वाटणी असो, हरवलेली गुणपत्रिका असो, पेपरात आल्याशिवाय गोष्ट पक्की होत नाही. हे आपल्याला आधीच कसं सुचलं नाही, याचंच त्यांना आश्चर्य वाटलं.

वकिलांच्या नमुन्यात रिकाम्या जागा होत्या. त्या त्यांनी एकेक करून विचारत भरल्या. चतुःसीमेपाशी गाडी जरा अडली, पण नमुन्यात चतुःसीमा होती म्हणजे ती भरणं भाग होतं. छापायला देण्याआधी सुंदररावांनी मजकूर दोनदा वाचला, ‘तिऱ्हाइताने’मधला एक ऱ्हस्व दीर्घ करायला निघालेला हात वेळीच थांबवला आणि खाली सही ठोकली. मजकूर इतका नमुन्याबरहुकूम होता की त्यात काही वावगं असेल अशी शंकासुद्धा त्यांच्या मनाला शिवली नाही.

शुक्रवारी बीडच्या एका दैनिकात, पान पाचवर, एका विहिरीसकट विकाऊ जमिनीच्या शेजारी, ते छापून आलं:

‘तमाम जनतेस या जाहीर प्रगटनाद्वारे कळविण्यात येते की, माझे पक्षकार श्री. सुंदरराव मस्के, रा. वडवणी, यांचे मालकी व कब्जातील संभाषण, ज्याची चतुःसीमा पूर्वेस माजलगाव येथील नियोजित सोयरे श्री. बंकटराव नाईकनवरे, पश्चिमेस मांजरसुंबा येथील भगिनी साखराबाई, दक्षिणेस धारूर येथील मेहुणे व उत्तरेस सरकारी रस्ता येणेप्रमाणे आहे, ते त्यांची कन्या प्रियदर्शनी हिचे विवाहासंबंधी असून अत्यंत गोपनीय आहे. सदर संभाषणाची माहिती कोणाही तिऱ्हाइताने घेऊ नये. याबाबत कोणाची हरकत असल्यास सात दिवसांचे आत आमचे पक्षकारांचे राहते घरी लेखी कळवावी. अन्यथा कोणाचीही हरकत नाही असे समजण्यात येईल.’

वनमालाबाईंनी ते चहा घेता घेता वाचलं. मग कप खाली ठेवला. “अहो,” त्या म्हणाल्या, “ह्यात आता सांगायचं ऱ्हायलंय काय?”

सुंदररावांनी पेपर हातात घेतला. छापील अक्षरात आपलं नाव पाहून आधी थोडं बरंच वाटलं. मग डोळा ‘पूर्वेस’वर गेला आणि तिथंच थांबला. ज्या शब्दासाठी त्रेचाळीस जणांची तोंडं बांधली होती, तो त्यांनी स्वतः सही करून जिल्हाभर वाटला होता.

फोन साडेनऊला वाजला. बंकटराव. आवाज चढलेला नव्हता, हे जास्त वाईट होतं.

“पाव्हणं, पेपर बघितला.”

“हां, ते जरा वकिलानं...”

“आमी तुमाला तोंड बंद ठिवा म्हणलो व्हतो. तुमी आमाला चतुःसीमेत घातलं. सकाळधरनं मोंढ्यात मला लोक ‘पूर्वेस’ म्हणून हाक मारायलेत.” मग जरा थांबून ते म्हणाले, “बरं, आमी घरात इचार करून कळवतो.”

सोयरिकीच्या बोलण्यात ‘विचार करून कळवतो’ याचा अर्थ काय होतो, हे सुंदररावांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते ओसरीतल्या खुर्चीत बसले ते दुपारच्या जेवणाला उठले नाहीत. पोरीचं चांगलं व्हावं म्हणून केलं, आणि आपल्याच हातानं घालवलं. एवढं वाईट त्यांना पेन्शनची फाईल हरवली तेव्हाही वाटलं नव्हतं.

आणि त्यात हरकती यायला लागल्या. प्रगटनात बोलावलं होतं, लोक आले. सुंदररावांचा जीव कशात नव्हता, पण सात दिवस हरकती घेणं नियमानं बंधनकारक. त्यांनी ओसरीत टेबल मांडलं, नोंदवही ठेवली.

पहिला आला सिदू. शेरडं राखणारा, गावाच्या कडेला राहणारा. त्यानं पेपर कुणाकडून तरी वाचून घेतला होता. “भाऊसायेब, तुमी उत्तरेस सरकारी रस्ता लिवलंय. तो सरकारी न्हाई. माझी पाणंद हाय. माझी शेरडं तिथनंच जातेत.”

“अरे, ही जमिनीची चतुःसीमा न्हाई. बोलण्याची हाय.”

“बोलणं माझ्या पाणंदीतनं कावून चाललंय मग?”

सुंदररावांनी हरकत नोंदवून घेतली. दुसरं काय करणार? सिदू अंगठा उठवून समाधानानं गेला.

कौशल्याबाईंनी हरकत तोंडीच सांगितली. “तिऱ्हाइतानं ऐकू न्हाई म्हणलंय तुमी. तुमचं बोलणं आपसुक माझ्या घरात येतंय. मी कान कुठं ठिवू?” प्रश्न न्याय्य होता. सुंदररावांनी तोही वहीत उतरवला. मग एक जण विहिरीसकट जमिनीची चौकशी करायला आला. त्याला शेजारच्या जाहिरातीतला पत्ता दाखवून वाटेला लावलं. त्या सात दिवसांत घरात माणसं इतकी आली की वनमालाबाईंनी चहाचं मोठं पातेलं खाली काढलं. सोयरिकीबद्दल मात्र समोर कुणी एक शब्द काढला नाही. सगळे नुसतं बघायचे. सुंदररावांना त्या बघण्याचा फार त्रास झाला.

प्रियदर्शनी या सगळ्यात गप्प होती. सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी यायची. तापट मुलगी गप्प राहिली की घरातली माणसं हळू चालतात, तसं चाललं होतं.

सातव्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, सुंदरराव वही मिटायच्या तयारीत होते. प्रियदर्शनी एसटीतून उतरून आली, हातपाय धुतले आणि टेबलासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात बंद पाकीट होतं.

“आण्णा, मुदत संपली न्हाई ना?”

“सहा वाजेपर्यंत हाय.”

“पावणेसहा झालेत,” ती म्हणाली आणि पाकीट टेबलावर ठेवलं.

सवयीनं त्यांनी पाकिटावर तारीख टाकली, क्रमांक दिला आणि मगच ते फोडलं. अर्ज स्वच्छ अक्षरात होता. डावीकडं समास सोडलेला. विषय, संदर्भ, सगळं जागच्या जागी. एवढा नेटका अर्ज त्यांच्या टेबलावर कित्येक वर्षांत आला नव्हता. त्यांनी वाचायला घेतला.

‘विषय: संभाषणाबाबत हरकत. महोदय, उपरोक्त संभाषण माझ्या विवाहासंबंधी आहे. परंतु त्या गटात मी सभासद नाही. माझा फोटो, उंची, जन्मवेळ, पगार आणि दाताला बसवलेली तार काढल्याची तारीख ही माहिती त्रेचाळीस व्यक्तींना व नांदेडच्या एका ड्रायव्हरला देण्यात आली. त्याआधी मला कोणीही विचारले नाही. मान्य आहे का, असे बटणसुद्धा मला दाखवण्यात आले नाही. कंपनीने निदान सूचना तरी टाकली होती. तरी माझी माहिती सर्व ठिकाणांहून काढून घ्यावी व यापुढे मला विचारल्याशिवाय देऊ नये, ही विनंती. आपली विश्वासू, प्रियदर्शनी सुंदरराव मस्के.’

सुंदरराव अगदी सहीपर्यंत आले आणि पुन्हा वरून सुरुवात केली. पहिल्यांदा राग आला. बाप पोरीसाठी जिवाचं रान करतो आणि पोरगी बापाला महोदय म्हणते. मग ‘कंपनीने निदान सूचना तरी टाकली होती’ या ओळीपाशी राग कुठं गेला ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. तिथं नुसती लाज उरली. हरकत खोडून काढायला त्यांनी मनातल्या मनात सगळे नियम उलटेपालटे केले. एकही सापडला नाही. स्वतःची वेळ आणि स्वतःचं बोलणं कुणी नेऊ नये म्हणून आपण कुठं कुठं फिरलो, आणि ही आपल्याच घरात जेवायला समोर बसत होती, हिला एकदा विचारायचं राहून गेलं.

“तार काढल्याची तारीख कुणी टाकली?” त्यांनी विचारलं.

“तुमीच. परिपत्रक क्रमांक तीन.”

त्यांनी पेन उघडलं आणि अर्जाच्या समासात लिहिलं, ‘हरकत मान्य.’ खाली सही केली. मग फोन उघडून तिच्यासमोरच गटातला बायोडाटा काढून टाकला, फोटो काढला, सगळी परिपत्रकं काढली. सभासदांना एकेक करून फोन लावला आणि आपापल्या फोनमधून पोरीचा फोटो काढा म्हणून सांगितलं. कुणी कारण विचारलं तर म्हणायचे, “तिनं सांगितलंय.” एवढंच. त्यात अख्खा एक तास गेला. साखराबाई म्हणाली, “मला काढता येत न्हाई, उद्या कुणी ड्रायव्हर आला की त्याच्याकडनं काढते.” तेव्हा सुंदररावांनी तिला हात जोडून, स्वतःच उद्या पहिल्या गाडीनं येतो असं सांगितलं.

सगळं झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. “प्रियू, चुकलं माझं,” ते म्हणाले. “अन् माजलगावचं बी गेलं बघ. तुला... तुला ते पोरगं पसंत व्हतं का?”

प्रियदर्शनी पहिल्यांदा हसली. “आता इचारलं तुमी.”

“इचारलं.”

“मग सांगते. मला म्हाईत न्हाई. त्याच्याशी एक शब्द बोलले न्हाई तर कसं म्हाईत असंल? त्याचा बी बायोडाटा असाच माणसांमाणसांत फिरतोय. त्याला तरी कुणी इचारलं का, तेवढं बघते. पसंत-नापसंत नंतर.”

तिनं त्याच्या बायोडाट्यावरचा नंबर लावत आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. सुंदरराव ओसरीतच होते. थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला. शब्द कळत नव्हते, पण मन लावून ऐकलं असतं तर कळले असते. वनमालाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या, मान तिरकी करून. मधल्या भिंतीपलीकडं कौशल्याबाईंचा टीव्ही बंद झाला. सुंदररावांनी खुर्ची उचलली आणि अंगणाच्या पार टोकाला, लिंबाखाली नेऊन ठेवली. जाता जाता वनमालाबाईंनाही डोळ्यांनी बाहेर बोलावलं. त्या कुरकुरत आल्या आणि शेंगा निवडायला बसल्या. बघता बघता पाऊण तास झाला. एकदा आतून प्रियदर्शनी खळखळून हसल्याचं ऐकू आलं. ते लिंबापर्यंत आलं, त्याला काही इलाज नव्हता. ही पोरगी घरात शेवटची कधी अशी हसली होती, ते सुंदररावांना आठवेना.

इतक्यात त्यांचा फोन वाजला. बंकटराव.

“पाव्हणं, रागात व्हतो परवा, ते सोडा,” बंकटराव म्हणाले. “एक इचारायचं व्हतं. आमचा रविराज तासाभरापासून माळवदावर जाऊन फोनवर बोलायलाय. इचारलं तर काय सांगत न्हाई, नुसता हसतोय. आता पेपरात नाव आल्यापासून कोण कुणाच्या पोराला काय सांगंल नेम न्हाई. तुमच्या कानावर काय आलंय का? कुणाशी बोलायला असंल त्यो?”

शेंगा निवडता निवडता वनमालाबाईंचा हात थांबला. सुंदररावांनी बंद दाराकडं पाहिलं. एक वाक्य बोललं असतं तर मोडलेली सोयरीक या क्षणी परत जागेवर आली असती. ज्या माणसाला खूश करण्यासाठी इतके दिवस जीव टांगणीला लावला होता, तो स्वतःहून विचारत होता.

“न्हाई बा,” सुंदरराव हळू आवाजात म्हणाले, इतक्या हळू की भिंतीपलीकडं काहीच गेलं नसावं. “मला काय कल्पना न्हाई.”

नोकरीत हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं असेल त्याची गणती नाही. पण म्हटल्यावर बरं वाटलं, असं आज पहिल्यांदाच झालं.